औरंगजेबाच्या कपटाचे कागद

फ्रांस्वा बर्नियर हा फ्रेंच वैद्य १६५८-५९ च्या सुमारास सुरतेला उतरला, तेव्हा शाहजहानच्या मुलांमधला निर्णायक झगडा जवळजवळ आटोपला होता. धर्मत आणि सामूगढ या दोन्ही लढाया होऊन गेल्या होत्या. सर्वांत धाकटा मुरादबक्ष कैदेत होता आणि थोरला दारा शुकोह जीव वाचवत सिंध-गुजरातेत वणवण करत होता. बर्नियरने पुढे आपल्या प्रवासवृत्तात औरंगजेबाने मुरादला लिहिलेल्या एका पत्राची हकिकत दिली आहे. त्या पत्राचा आशय असा : मला राज्याची हाव नाही, दारा आणि शुजा हे दोघे भाऊ धर्माला पारखे झालेले आहेत, तख्ताला लायक तू एकटाच, तुला गादीवर बसवले की मी फकिरी पत्करीन. भोळा मुराद या शब्दांना भुलला आणि फसला.

ही गोष्ट गेली साडेतीनशे वर्षे सांगितली जाते आहे. कपटी भाऊ, भोळा भाऊ आणि मक्केला जाण्याच्या आणाभाका. पण या दोन भावांत झालेल्या कराराचा मजकूर ‘आदाब-ए-आलमगीरी’ या पत्रसंग्रहात शिल्लक आहे, आणि त्यात फकिरीचा उल्लेखही नाही. त्यात सरळ वाटणी आहे : पंजाब, अफगाणिस्तान, काश्मीर आणि सिंध मुरादकडे, बाकीची पातशाही औरंगजेबाकडे, लुटीचा एक तृतीयांश मुरादचा, दोन तृतीयांश औरंगजेबाचा. देवाला आणि पैगंबराला साक्षी ठेवून ही कलमे मान्य झाली. मुरादला सगळे तख्त देऊ केले नव्हते आणि सगळे आपल्याला मिळेल असे हा कागद वाचून मुरादलाही वाटायचे कारण नव्हते.

म्हणजे औरंगजेबाने कपट केलेच नाही का? केले, आणि ते सांगितले जाते त्याहून खोल होते. फक्त ते प्रसिद्ध प्रसंगांत शोधू नये. रुक्ष सरकारी पत्रव्यवहारात, डाकेच्या व्यवस्थेत आणि नदीच्या घाटांवर बसवलेल्या पहाऱ्यांत शोधावे, असे मला ही साधने वाचून ठामपणे वाटते. धाकट्याने थोरल्याला हरवले ते मुख्यतः बातमीच्या बळावर.

साधनांविषयी आधीच थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा निवाडा त्यांवर उभा आहे. ‘आदाब’मधली पत्रे औरंगजेबाच्या वतीने त्याचा चिटणीस काबिलखान याने लिहिली, त्यांचा संग्रह मात्र अंबाल्याच्या सादिकने १७०३-०४ च्या सुमारास केला. मुरादची पत्रे ‘फय्याज-उल्-कवानीन’ या दुसऱ्या संग्रहात आहेत. मुहम्मद काझिमचा ‘आलमगीरनामा’ हा दरबारी इतिहास, पातशहाच्या हुकमाने लिहिलेला. त्यातल्या तारखा आणि मुक्काम उपयोगाचे, हेतूंचे वर्णन मात्र धन्याला रुचेल असेच. मासूम हा शुजाच्या पदरचा. आकिलखान राझी औरंगजेबाच्या विश्वासातला. खाफीखानाने बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात लिहिले. पण त्याचा बाप मुरादच्या नोकरीत होता, त्यामुळे त्याच्या कानावर घरातच काही आले असणार. ईश्वरदास नागर आणि भीमसेन सक्सेना यांचे ग्रंथही हाताशी आहेत. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणण्याचे जे प्रचंड काम केले, त्यामुळे मराठी वाचकाला खाफीखान, भीमसेन ही नावे परकी नाहीत. जदुनाथ सरकारांनी हे सगळे ताडून तारखा लावल्या. त्यांच्याप्रमाणेच मी पुढच्या तारखा जुन्या पंचांगानुसार देतो. आजच्या इंग्रजी दिनदर्शिकेत त्या दहा दिवसांनी पुढे जातात.

दारा किती बलवान होता हे आधी पाहू. जन्म १६१५ चा, औरंगजेब १६१८ चा, म्हणजे तीन वर्षांचेच अंतर. पण मनसबीतले अंतर डोळ्यांत भरते. संघर्षाच्या तोंडावर दाराची मनसब ६०,००० जात आणि ४०,००० स्वार होती. औरंगजेबाची २०,००० जात आणि १५,००० स्वार. दोघे धाकटे भाऊ मनसबीत एकत्र केले तरी थोरल्याची बरोबरी होत नव्हती. शिवाय दारा बापाजवळ राहायचा. त्याचे सुभे त्याचे नायब सांभाळत आणि तो दरबारात तख्तालगतच्या सोन्याच्या आसनावर बसे. खजिना, तोफखाना, शिक्का, सगळे त्याच्या हाताशी. औरंगजेब इकडे दख्खनमध्ये, पैशाच्या तंगीत, प्रत्येक मागणीसाठी आग्र्या-दिल्लीकडे पत्रे लिहिणारा. १६५७ च्या उन्हाळ्यात त्याने बीदर घेतले, मग कल्याणीही घेतली. विजापूर आता वाचत नाही असे दिसू लागताच बापाचा तहाचा हुकूम आला. तो हुकूम दाराच्या सल्ल्याने निघाला असे औरंगजेबाला वाटले आणि ते बहुधा खरेही होते.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान दिल्लीत लघवीच्या विकाराने अंथरुणाला खिळला. झरोक्यात दर्शन बंद झाले. या आठवड्यांत दाराने जे केले ते मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत महागात पडलेले कृत्य वाटते. त्याने आजाऱ्याच्या महालात मोजक्या माणसांखेरीज कुणाला येऊ दिले नाही. बंगाल, गुजरात आणि दख्खनकडे जाणारे जासूद अडवले. भावांच्या दरबारातल्या वकिलांवर पहारे बसवले. औरंगजेबाचा वकील ईसा बेग कैदेत पडला. उद्देश समजण्यासारखा आहे : बाप बरा होईपर्यंत बातमी बाहेर जाऊ नये. पण बातमी थांबली की अफवा सुटते. शाहजहान मेला आणि दारा मढे झाकून राज्य करतो आहे, अशी वदंता सुभ्यासुभ्यांत पसरली.

पुढे शाहजहान सावरला. त्याने स्वहस्ताक्षरात, आपल्या मोहरेने मुलांना पत्रे धाडली. पण आता त्यांवर विश्वास ठेवणे मुलांच्या सोयीचे नव्हते. दारा बापाच्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल करतो, ही पत्रे त्याचीच, असे म्हणायला ते मोकळे होते, आणि तसे ते म्हणालेही. बादशहाचे स्वतःचे अक्षरही पुरावा म्हणून निकामी झाले, आणि हे ज्याच्यामुळे शक्य झाले तो दाराच होता. बातमीचा दरवाजा त्याने बंद केला. औरंगजेबाने त्या बंद दरवाजाचा आधार घेऊन आपली सगळी मांडणी केली. मी बंडखोर नाही, आजारी बापाला भेटायला आणि त्याला दाराच्या कैदेतून सोडवायला निघालो आहे, हे त्याचे जाहीर म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले.

मग त्याने स्वतःची डाक उभी केली. मुरादचे अहमदाबाद आणि आपले औरंगाबाद यांच्या दरम्यान ठरावीक अंतरावर जासूद बसवले. बंगालात शुजाकडे ओरिसामार्गे पत्रे जाऊ लागली. ऑक्टोबर १६५७ मध्ये औरंगजेबाने मुरादकडे एका संकेतलिपीची किल्ली पाठवली. हा तपशील लहान आहे, पण मला फार बोलका वाटतो. बाप जिवंत की मेलेला हे अजून नक्की नाही, सैन्य हललेले नाही, आणि गुप्त लिपी मात्र तयार आहे.

मुरादची पत्रे आणि औरंगजेबाची उत्तरे शेजारी ठेवून वाचली की दोघांचे स्वभाव उघडे पडतात. मुराद अधीर. त्याने आपला दिवाण अली नकी याला एका बनावट पत्रावर विसंबून स्वतःच्या हाताने भाल्याने मारले. खोजा शाहबाजखानाला सुरतेवर पाठवले. २० डिसेंबरला सुरुंग लावून किल्ला घेतला आणि हाजी झाहिद व विरजी व्होरा या व्यापाऱ्यांकडून पाच लाख उकळले. त्याआधीच, ५ डिसेंबरला, अहमदाबादेत तो तख्तावर बसला होता. त्याचे पत्रांतले म्हणणे एकच : आत्ता निघू या, दाराला सावरायला वेळ देऊ नका.

औरंगजेबाचे उत्तर नेमके उलट. बापाच्या मृत्यूची पक्की खबर येईपर्यंत उघड काही करू नकोस. दाराला गोड पत्रे लिहीत राहा. मीही तेच करतो आहे. त्याने स्वतः तख्तावर बसण्याची घाई केली नाही, आपल्या नावाचा खुत्बा पढवला नाही, नाणे पाडले नाही. बंगालात शुजाने आणि गुजरातेत मुरादने राज्याभिषेक करवून घेतले होते. दाराच्या आणि बापाच्या नजरेत ते दोघे उघड बंडखोर झाले. त्यामुळे दाराने आपली निवडक फौज मुलगा सुलेमान शुकोह आणि मिर्झा राजा जयसिंग यांच्याबरोबर पूर्वेला शुजावर धाडली. फेब्रुवारी १६५८ मध्ये बनारसजवळ बहादुरपूरला शुजाचा पराभव झाला, पण ती फौज त्याचा पाठलाग करत दूर गेली आणि सामूगढच्या दिवशी ती आग्र्यात नव्हती. औरंगजेबाने हे घडवून आणले असे म्हणता येत नाही. त्याने ते घडू दिले आणि वाट पाहिली, एवढे मात्र त्याच्या पत्रांवरून म्हणता येते.

आता मीर जुमलाचे प्रकरण. मुळात गोवळकोंड्याचा वजीर, हिऱ्यांचा व्यापारी, मग मोगल सेवेत आलेला हा माणूस दख्खनच्या मोहिमेचा कणा होता. त्याच्याजवळ उत्तम तोफखाना होता आणि त्यात युरोपीय गोलंदाज होते. तहानुसार परांड्याचा किल्ला ताब्यात घ्यायला तो तिकडे गेला होता. किल्ला काही मिळाला नाही. इकडे दाराने त्याची मोगल दरबारातली वजिरी काढून त्याला दरबारात परत बोलावले. औरंगजेबाची अडचण अशी की मीर जुमला गेला तर तोफा गेल्या. मीर जुमलाची अडचण आणखी बिकट : त्याचा मुलगा मुहम्मद अमीनखान आणि कुटुंब आग्र्यात, म्हणजे दाराच्या मुठीत. उघडपणे औरंगजेबाला मिळाला तर त्यांचा जीव धोक्यात.

जानेवारी १६५८ च्या सुरुवातीला मीर जुमला औरंगाबादेत आला आणि त्याला अटक झाली. मालमत्ता आणि तोफखाना जप्त, स्वतः दौलताबादच्या किल्ल्यात. औरंगजेबाने बापाला कळवले की विजापूरकरांच्या बाबतीत याने कसूर केली म्हणून धरले आहे. दाराने आग्र्यात अमीनखानाला संशयावरून कैद केले होते. ही खबर पोचताच शाहजहानने त्याला सोडले. ज्याच्या बापालाच औरंगजेबाने कैदेत टाकले, त्याच्यावर फितुरीचा आरोप कसा टिकणार?

ही अटक लटकी होती, असे सांगणारा उघड करारनामा नाही आणि असणारही नाही. पण पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतो. अटकेच्या आधीच्या महिन्यांत औरंगजेब मीर जुमलाला अत्यंत आपुलकीने लिहीत होता आणि पावलोपावली त्याचा सल्ला मागत होता. अटकेत त्याला इजा झाली नाही. औरंगजेब गादीवर येताच त्याची सुटका झाली, जानेवारी १६५९ मध्ये शुजाविरुद्ध खजव्याच्या लढाईत तो औरंगजेबाच्या बाजूला उभा होता, आणि पुढे बंगालची सुभेदारी त्यालाच मिळाली. बर्नियरही ही अटक संगनमताची होती असेच सांगतो. या बाबतीत त्याची कथा पत्रांशी जुळते, म्हणून ती स्वीकारायला हरकत नाही. एका हालचालीत तोफा औरंगजेबाकडे राहिल्या, मित्राचे कुटुंब वाचले आणि बापाला पाठवायच्या अहवालात सगळे कायदेशीर दिसले. औरंगजेबाच्या सर्व डावांत हा मला सर्वांत बिनचूक वाटतो.

याच आठवड्यांत दख्खन सोडून जायचे असल्यामुळे मागची बाजू झाकणेही भाग होते. १६५७ च्या वसंतात शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले होते. आता औरंगजेबाची महाराजांना आलेली पत्रे क्षमेची भाषा बोलतात : अपराध मोठे आहेत, पण सेवेची इच्छा दाखवता आहात तर माफ करतो. त्याच काळात आपल्या सरदारांना तो शिवीगाळीच्या शब्दांत बजावतो की तो मुलूख मोकळा सोडू नका, तो संधीची वाट पाहतो आहे. आणि आदिलशहाला लिहितो की शिवाजीला किल्ल्यांतून हुसकून लावा. चाकरीला ठेवायचेच असेल तर आमच्या हद्दीपासून लांब, कर्नाटकात जहागीर द्या. एका माणसाविषयी तीन पत्रे आणि तिन्हींचा सूर वेगळा. महाराजांना हा सूर ओळखता आला होता हे पुढच्या दोन वर्षांतल्या त्यांच्या हालचालींवरून दिसते. दाराला मात्र तो ओळखता आला नाही. उदयपूरच्या महाराणा राजसिंहाला औरंगजेबाने पाठवलेला निशाण, म्हणजे शाहजाद्याचा लेखी हुकूम, तोही उपलब्ध आहे. श्यामलदासांच्या ‘वीरविनोद’मध्ये तो छापला आहे. त्यात काफिरांशी लढण्याची भाषा नाही. सर्व धर्मांच्या लोकांना निश्चिंतपणे नांदू देण्याचा सूर आहे. दाराविरुद्धचा झगडा धर्माचा होता असे मानणाऱ्यांनी हा कागद डोळ्यांसमोर ठेवावा.

५ फेब्रुवारी १६५८ ला औरंगजेब औरंगाबादहून निघाला. बुऱ्हाणपुरात महिनाभर थांबला. तिथून पुढे सरकल्यावर मार्चच्या अखेरीस त्याने आपला सासरा शाहनवाजखान यालाच धरून बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात ठेवले, कारण तो बरोबर यायला तयार नव्हता. नर्मदेचे सगळे उतार आणि नावा त्याने इतक्या कडेकोट बंद केल्या होत्या की माळव्यात वाट अडवून बसलेल्या शाही सेनापती जसवंतसिंगाला शत्रू नदी ओलांडून आल्यावरच कळले. दाराने दरबारात बातमी अडवली आणि त्यात स्वतःच फसला; औरंगजेबाने नर्मदेवर अडवली आणि लढाईच्या आधीच अर्धी बाजी मारली. १४ एप्रिलला दिपालपूरजवळ मुराद येऊन मिळाला. दुसऱ्या दिवशी धर्मत. जसवंतसिंगाची फौज मोडली. राजपुतांच्या शौर्याविषयी शंका नाही; शाही सैन्यातले मुसलमान सरदार हात राखून लढले, हेही सर्व साधने कमीअधिक शब्दांत सांगतात.

चंबळेचा प्रसंग याहून महत्त्वाचा. दारा धोलपूरला आला, नदीचे सारे माहितीतले उतार त्याने ताब्यात घेतले, खंदक खणले, जड तोफा रोवल्या. ही तटबंदी चांगली होती, आणि समोरून आले असते तर औरंगजेबाचे फार नुकसान झाले असते. पण त्याला धोलपूरच्या पूर्वेला भदावरच्या बाजूचा एक आडबाजूचा उतार कळला. तिथे गुडघाभर पाणी होते आणि दाराचा पहारा नव्हता. वाट कुणी दाखवली? बर्नियर चंपतराय बुंदेल्याचे नाव घेतो. फारसी साधनांत स्थानिक जमीनदार असा उल्लेख येतो. दोन्ही एकच असू शकतात. रात्रीतून एक तुकडी धावली, २३ मेपर्यंत सारे सैन्य पलीकडे गेले. ऐन उन्हाळ्यात, पाणी नसलेल्या खडकाळ मुलखातून ही दौड झाली आणि तहानेने कितीतरी माणसे दगावली. दाराच्या रोवलेल्या तोफा आता निरुपयोगी होत्या. त्यांतल्या कित्येक तिथेच टाकून त्याला आग्र्याकडे पळत यावे लागले. मी या डावाला कपटापेक्षा उत्तम हेरगिरी म्हणेन. पण थोरल्याच्या बळाचा आधार, म्हणजे तोफखाना, एका रात्रीत निकामी झाला तो इथे.

सामूगढच्या लढाईचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी थोडक्यात आवरतो. २९ मे १६५८, रमजानचा महिना, कडक ऊन. आदल्या दिवशी दाराने आपले सैन्य चिलखतांसह दिवसभर उन्हात उभे करून परत नेले. औरंगजेबाच्या थकलेल्या फौजेवर त्याच दिवशी तुटून पडायची संधी त्याने घालवली. दुसऱ्या दिवशी दाराकडचा रुस्तमखान पडला, छत्रसाल हाडा पडला. मुरादच्या तोंडाला तीन बाण लागले तरी तो हलला नाही. बाणांनी भरलेला त्याचा हौदा पुढे कित्येक वर्षे किल्ल्यात जपून ठेवला होता, असे खाफीखान सांगतो. मग दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला आणि रिकामा हौदा पाहून सैन्य पांगले.

इथे दुसरी प्रसिद्ध कथा येते : उजव्या फळीचा सरदार खलीलुल्लाखान फितूर होता आणि त्यानेच दाराला हत्तीवरून उतरण्याचा सल्ला दिला. ही कथा सांगणारा बर्नियर लढाईला हजर नव्हता. मनूची हजर होता, दाराच्या तोफखान्यात. पण त्याने लिहिले ते पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, दाराविषयीची माया मनात ठेवून. खलीलुल्लाखान लढाईनंतर लौकरच औरंगजेबाकडे गेला हे खरे, आणि त्याचे लढणे जेमतेम होते असेही दिसते. पण त्या दिवसांत अख्खा दरबारच विजेत्याकडे वळत होता. सल्ल्याची कथा मी पुरावा म्हणून धरत नाही. हरलेल्या सेनापतीला फितूर लागतोच, आणि आपला आवडता नायक हरला तर इतिहास वाचणाऱ्यालाही लागतो.

आग्र्याच्या किल्ल्यावर हल्ला करण्याऐवजी औरंगजेबाने यमुनेकडचा पाणदरवाजा रोखला. जूनच्या उकाड्यात किल्ल्यातल्या खाऱ्या विहिरींवर राहायची पाळी बादशहावर आली; ८ जूनला दरवाजे उघडले. बाप-मुलांतली त्या दिवसांतली पत्रे वाचवत नाहीत. भेटायला जायचे औरंगजेब ठरवतो, तेवढ्यात शाहजहानने दाराला लिहिलेले एक गुप्त पत्र त्याच्या हाती लागते, आणि भेट कायमची रद्द होते.

राहिला मुराद. लढाईनंतर त्याच्या छावणीत माणसे वाढू लागली होती. तो सढळ हाताने पगार वाढवत होता. अशा वेळी २५ जूनला मथुरेजवळ औरंगजेबाने त्याला जेवायला बोलावले. त्याआधी वीस लाख रुपये आणि २३३ घोडे नजर म्हणून पाठवले होते. मुरादच्या माणसांनी त्याला सावध केले, तरी तो गेला. पुढचे तपशील साधनांत वेगवेगळे आहेत. दारू दिली, पाय चेपायला दासी आली, झोप लागताच हत्यारे काढून नेली, औरंगजेबाचा शेख मीर सशस्त्र माणसे घेऊन आत आला; एवढा गाभा बहुतेक सगळे देतात. झाकलेल्या अंबारीत मुरादला दिल्लीच्या सलीमगढाकडे नेले आणि फसगत व्हावी म्हणून दुसरे हत्ती इतर दिशांना पाठवले, हे नंतरच्या ग्रंथांत आहे. ते अशक्य नाही, पण तितके पक्के नाही. ‘आलमगीरनामा’ मेजवानीच्या कपटाबद्दल मौन पाळतो आणि मुरादच्या उद्दामपणावर भर देतो. ज्या ग्रंथाला धन्याच्या प्रत्येक मुक्कामाची नोंद ठेवता येते त्याने इथे आवरते घ्यावे, हे मौनही एक साक्षच आहे.

एक कागद मात्र मला या सगळ्या कथांहून मोलाचा वाटतो. अहमदाबादचे जवाहिरे शांतिदास यांच्या कुटुंबाकडून आणि भागीदारांकडून मुरादने साडेपाच लाख रुपये कर्जाऊ घेतले होते. ते गुजरातेतल्या परगण्यांच्या महसुलातून फेडावे, असे त्याचे फर्मान अटकेच्या काही दिवस आधीचे आहे, एम. एस. कॉमिसारियट यांनी ते प्रसिद्ध केले. मुराद त्या क्षणीही स्वतःला पातशहा समजून फर्माने काढत होता, आणि तीही गुजरातच्या महसुलावर, जो वाटणीच्या कलमांत त्याच्या भागात धरलेलाच नव्हता. एका छावणीत दोन पातशहा झाले होते. त्यामुळे मथुरेची रात्र आज ना उद्या येणार होती. याने औरंगजेबाचा विश्वासघात सौम्य होत नाही. शपथ त्याने घेतली होती आणि ती त्यानेच मोडली. पण ती का आणि कधी मोडली हे या सावकारी कागदावरून कळते. नंतर शांतिदासांना अहमदाबादला परत जाऊ देताना औरंगजेबाने त्या कर्जापैकी एक लाख रुपये देण्याचा हुकूम काढला आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांना अभयाचा निरोप धाडला. भावाला साखळदंड घातल्यावर त्याच्या कर्जाचा हप्ता भरणारा हा माणूस केवळ धर्मवेडा किंवा केवळ दगाबाज म्हणून समजत नाही.

दारा जून १६५९ मध्ये बोलन खिंडीजवळ मलिक जीवनने पकडून दिला. या मलिकचा जीव एकदा दारानेच वाचवला होता. दिल्लीत दाराची धिंड निघाली तेव्हा बर्नियर रस्त्यात उभा होता. त्याच्या पुस्तकातला हा भाग आँखों देखा आहे आणि म्हणून विश्वासार्ह आहे. ३० ऑगस्टला दारा मारला गेला.

मुरादला मात्र तसेच संपवता येत नव्हते. त्याचा गुन्हा काय, हा प्रश्न होता. पुढे त्याला ठेवले होते त्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून पळून जायचा एक प्रयत्न फसल्यावर उत्तर सापडले : अली नकीचा खून. शरियतेप्रमाणे मृताच्या वारसाला जिवाच्या बदल्यात जीव मागता येतो. खाफीखान सांगतो त्याप्रमाणे अली नकीच्या थोरल्या मुलाने बापाच्या रक्ताचा बदला मागायला नकार दिला. दुसऱ्याने पातशहाची इच्छा ओळखून फिर्याद दाखल केली. काझीने निकाल दिला. ४ डिसेंबर १६६१ रोजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मुराद मारला गेला आणि तिथेच पुरला गेला. ज्या थोरल्या मुलाने बदला मागितला नाही, त्याच्यावर पुढे औरंगजेबाने मेहेरनजर केली.